पेशीवरील ताण आणि रसायनद्रव्ये : द्राक्ष, गुळवेल व अश्वगंधा यांच्या संशोधनातून घ्यावयाचा बोध

प्रास्ताविक

आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या औषध-प्रतिनिधींची भाषा गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी ते ग्रंथाचे नाव, पाठ आणि अनुपान सांगत. आता अमुक टक्के विथॅनोलाइड, अमुक मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल, ‘पेशीच्या पातळीवर ताण घालविणारे’ अशी वाक्ये छापलेले पत्रक पुढे ठेवले जाते. औषधनिर्माण करणाऱ्या आपल्या सभासदांनाही ग्राहक हेच शब्द ऐकवू लागले आहेत. या शब्दांमागे संशोधन निश्चितच आहे. ते आपल्या रसायनद्रव्यांविषयी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे मात्र आवश्यक झाले आहे. कारण प्रश्न केवळ विक्रीचा नाही, तर रुग्णाच्या जीविताचा आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही तीन वनस्पतींच्या आधारे या विषयाचा परामर्श घेत आहोत. द्राक्ष ही आपल्या नाशिक जिल्ह्याची वनस्पती. गुळवेलीवर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मोलाचे काम झाले. अश्वगंधेवरील पेशीय संशोधन जपानपर्यंत पोहोचले. तिन्हींतून आमच्या मते एकच गोष्ट निष्पन्न होते : वनस्पतीतील क्रियाशील घटक हा प्रयोज्यांग, कल्पना, मात्रा आणि रुग्ण या चौघांपासून अलग केला, की प्रयोगशाळेतील खरा निष्कर्षही चिकित्सेत खोटा ठरू शकतो.

१. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी द्रव्य निर्माण करते

डावणी आणि भुरी हे शब्द आपल्याकडील द्राक्षबागायतदाराच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला की बुरशीची चाहूल लागते आणि फवारणीची धावपळ सुरू होते. वेलीला पळून जाता येत नाही; तिला जागच्या जागी झुंजावे लागते. बुरशीचा संसर्ग किंवा अतिनील किरणांचा आघात झाला असता द्राक्षाच्या पानांत रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य तयार होते, असे लँगकेक आणि प्राइस या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले. आघातानंतर निर्माण होणाऱ्या अशा जंतुरोधक द्रव्यांना फायटोअलेक्झिन म्हणतात. आपण ज्यांना औषधी घटक म्हणून गौरवितो, त्यांपैकी अनेक द्रव्ये वनस्पतीच्या दृष्टीने तिची शस्त्रे आहेत.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. एकाच जातीच्या वनस्पतीतही घटकाचे प्रमाण ऋतू, भूमी, हवामान आणि रोगाचा प्रादुर्भाव यांनुसार बदलते. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक अंगाचा संग्रहकाल वेगळा सांगितला आहे : कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात. आज वनस्पतिरसायनशास्त्र ज्या बदलांचे मोजमाप करते, त्यांची दखल या विधानात आहे. वर्षभर एकाच व्यापाऱ्याकडून, संग्रहकाल न विचारता घेतलेली भरड ही दरवेळी ‘तीच’ वनस्पती नसते, हे निर्मात्यांनी लक्षात ठेवावे.

द्राक्षासवात रेस्व्हेराट्रॉल व टेरोस्टिल्बीन ही दोन्ही द्रव्ये आढळल्याचा शोधनिबंध १९९९ साली ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही आपल्यासाठी आनंदाची बाब आहे. तथापि, या माहितीचा उपयोग कसा करावा आणि कसा करू नये, हे पुढे पाहू.

२. पेशी ताणाला कशी सामोरी जाते

इटालियन शास्त्रज्ञ फेरुचियो रितोस्सा यांनी १९६२ साली एक निरीक्षण नोंदविले. फळमाशीच्या पेशींना नेहमीपेक्षा अधिक उष्णता लागली, तेव्हा तिच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे दिसले. उष्णतेच्या आघाताने काही विशिष्ट जनुके जागी झाली होती. पुढे या जनुकांपासून बनणारी प्रथिने ओळखली गेली. त्यांना उष्माघात-प्रथिने म्हणतात. पेशीतील इतर प्रथिनांची विस्कटलेली घडी पुन्हा नीट बसविणे, हे त्यांचे मुख्य कार्य.

दुसरी यंत्रणा ऑक्सिडीकरणाच्या ताणाविरुद्धची आहे. एनआरएफ-२ नावाच्या प्रथिनाला एरव्ही कीप-१ हे प्रथिन अडवून ठेवते. ताण येताच ते सुटते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि संरक्षक विकरांची जनुके कार्यान्वित करते. तिसरी यंत्रणा म्हणजे पेशीने आपलेच निकामी झालेले भाग पचवून पुन्हा वापरणे. या प्रक्रियेवरील कार्यासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ताण किती आहे यावर परिणाम अवलंबून असतो. ताण अल्प असेल तर पेशी दुरुस्ती करते आणि पुढील आघातासाठी अधिक सज्ज होते. तो वाढला तर तिचे विभाजन थांबते. मर्यादेपलीकडे गेला तर पेशी नियोजित मृत्यू पत्करते. या शेवटच्या प्रक्रियेचे स्वतंत्र वर्णन १९७२ साली झाले.

येथेच एक गैरसमज दूर झाला पाहिजे. वनस्पतीतील अनेक घटक पेशीभोवती कवच घालीत नाहीत. ते स्वतः पेशीला सौम्य आघात करतात आणि त्या निमित्ताने तिची संरक्षणव्यवस्था जागी होते. वाग्भटांनी व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आहे. अर्धशक्तीचा व्यायाम बल वाढवितो, अतिव्यायाम तेच बल हरण करतो. पेशीच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. तीक्ष्ण विषही युक्तीने वापरल्यास औषध होते आणि औषधही अयुक्त वापरल्यास विष होते, हा चरकाचार्यांचा सूत्रस्थानातील सिद्धान्त म्हणूनच या शास्त्राच्या अभ्यासकाला परका वाटणार नाही.

मात्र उष्माघात-प्रथिने म्हणजेच ओज, किंवा एनआरएफ-२ म्हणजेच धात्वग्नी, अशी समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा. साम्य विचाराला चालना देते, पण त्याला पुरावा म्हणता येत नाही.

३. गुळवेल : रुग्णापासून पेशीपर्यंत

मुंबईतील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा जो अभ्यास केला, तो आमच्या मते आजही वस्तुपाठ ठरावा असा आहे. त्यांचा प्रश्न रुग्णालयातूनच उपस्थित झाला होता. पित्तमार्गाच्या अवरोधामुळे कामला झालेल्या रुग्णाची प्रतिकारक्षमता खालावते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरून अनेक रुग्ण दगावतात. व्याधिक्षमत्व वाढविणारे द्रव्य येथे उपयोगी पडेल काय?

शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांच्या सहभागाने झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. अशा ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. पहिल्या गटास जीवनसत्त्व ‘के’, प्रतिजैविके आणि साचलेले पित्त बाहेर काढणे, हे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटास याच उपचारांसोबत, पित्त बाहेर काढण्याच्या काळात, दररोज शरीरभाराच्या प्रतिकिलो १६ मिलिग्रॅम या प्रमाणात गुळवेल पोटातून देण्यात आली. पहिल्या गटात ५० टक्के रुग्णांत रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकाही रुग्णात दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातील ४० टक्के आणि दुसऱ्या गटातील ९२.४ टक्के रुग्ण वाचले.

या निष्कर्षातील एक बाब वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. यकृताच्या कार्याच्या चाचण्या दोन्ही गटांत तुल्य होत्या. फरक पडला तो न्यूट्रोफिल या श्वेतपेशींच्या जंतुभक्षणाच्या व जंतुनाशनाच्या क्षमतेत. ती गुळवेल घेतलेल्या गटातच पूर्वपदावर आली. म्हणजे ‘गुळवेल यकृत सुधारते’ असे ढोबळ विधान या अभ्यासातून निघत नाही. ‘ताणाखाली दुबळी झालेली संरक्षक पेशी पुन्हा कार्यक्षम होते’ असे निघते. अभ्यास एका रुग्णालयातील ३० रुग्णांचा होता आणि गुळवेल पूरक औषध म्हणून दिलेली होती, हेही तितकेच स्मरणात असावे.

याच संशोधकांनी १९९९ साली गुळवेल, शतावरी, आमलकी, अश्वगंधा, पिप्पली आणि हरीतकी या सहा रसायनद्रव्यांवरील प्रायोगिक काम प्रसिद्ध केले. संपूर्ण द्रव्याची प्रमाणित जलीय घनसत्त्वे, मानवी मात्रेवरून काढलेल्या मात्रेत, प्राण्यांना पोटातून देण्यात आली आणि त्यांना जैविक, भौतिक व रासायनिक ताण देण्यात आले. सहाही द्रव्यांनी संरक्षण दिले. गुळवेलीची परीक्षा अधिक सूक्ष्म होती. मॅक्रोफेज या भक्षक पेशींचे कार्य दोन वेगवेगळ्या उपायांनी विरुद्ध दिशांना ढळविले असता, दोन्ही प्रसंगी गुळवेलीने ते समस्थितीकडे आणले. १९४७ साली रशियन शास्त्रज्ञ लाझारेव्ह यांनी योजलेल्या ‘अ‍ॅडाप्टोजेन’ या संज्ञेचा हाच निकष आहे : विकृती कोणत्याही दिशेची असो, द्रव्याने साम्य प्रस्थापित करावे. ‘धातुसाम्य’ हा शब्द ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून अरॅबिनोगॅलॅक्टन वर्गातील एक बहुशर्करा वेगळी केली आणि ती प्रतिकारपेशींना चालना देते असे दाखविले. अशी बहुशर्करा पाण्यात विरघळते, परंतु तीव्र मद्यार्कात विरघळत नाही. सबब, गुळवेलीचा स्वरस किंवा क्वाथ आणि तिचे मद्यार्कीय घनसत्त्व ही दोन भिन्न औषधे होत. लेबलवर दोहोंचे नाव एकच असले, तरी एकावरील संशोधन दुसऱ्याच्या विक्रीसाठी वापरणे शास्त्रसंमत नाही.

४. अश्वगंधा : मूळ की पान?

जपानमधील त्सुकुबा येथील संशोधन संस्थेत डॉ. रेणू वाधवा आणि डॉ. सुनील कौल हे भारतीय शास्त्रज्ञ अनेक वर्षे पेशीच्या ताण-प्रथिनांचा अभ्यास करीत आले आहेत. उष्माघात-प्रथिनांच्या कुळातील मॉर्टालिन या प्रथिनावरील काम हे त्यांचे वैशिष्ट्य. त्यांच्या गटाने २००७ साली अश्वगंधेच्या पानांचे घनसत्त्व कर्कपेशींना निवडून मारते असा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि त्यातील विथॅनोन या घटकाकडे लक्ष वेधले. विथाफेरिन-ए हा त्याचा निकटचा भाऊबंद, पण तो निरोगी पेशींनाही अधिक घातक असल्याचे दिसते. रेणूच्या रचनेतील लहानशा भेदाने ताण हितकर की मारक, हे बदलू शकते.

हे काम उच्च प्रतीचे आहे. परंतु ते प्रामुख्याने पानांवरचे आणि बशीत वाढविलेल्या पेशींवरचे आहे. आपले प्रयोज्यांग मूळ आहे. मुळापेक्षा पाने स्वस्त, आणि ‘विथॅनोलाइडचे टक्के’ वाढविण्यास सोयीची. त्यामुळे बाजारात पानांची भेसळ होऊ लागली. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्मात्यांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना दिली, ती या पार्श्वभूमीवर. केवळ टक्केवारी पाहून माल घेणारा औषधनिर्माता न कळत मुळाऐवजी पान विकत असतो, आणि त्यासोबत विथाफेरिन-ए किती गेले याचा त्याला पत्ता नसतो.

५. एका घटकाची शोकांतिका

आता पुन्हा द्राक्षाकडे वळू. २००३ पासून रेस्व्हेराट्रॉल आयुष्य वाढविते या कल्पनेने पाश्चात्त्य जग भारावले. त्यावर आधारलेली सर्ट्रिस ही कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ साली ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. त्यानंतर रेस्व्हेराट्रॉलचे एक विशेष रूप मज्जेच्या कर्करोगाच्या रुग्णांना दररोज ५ ग्रॅम या मात्रेत देऊन पाहिले गेले. काही रुग्णांची वृक्के निकामी झाल्याने २०१० साली ती चाचणी थांबवावी लागली.

मात्रेचा हिशेब पाहावा. द्राक्षमद्याच्या एका लिटरमध्ये हे द्रव्य सामान्यतः काही मिलिग्रॅमच असते. ५ ग्रॅमसाठी शेकडो लिटर मद्य लागेल. शिवाय पोटात घेतलेल्या रेस्व्हेराट्रॉलचे आतडे व यकृतात इतक्या वेगाने रूपांतर होते, की रक्तात मूळ रूपातील द्रव्य अत्यल्प उरते. बशीतील पेशीला जे थेट मिळते, ते रुग्णाच्या पेशीपर्यंत पोहोचत नाही. पोहोचवायचे म्हणून मात्रा वाढवावी, तर दुसराच अवयव भरडला जातो. द्राक्षासवाच्या लेबलवर ‘रेस्व्हेराट्रॉलयुक्त’ असे छापणाऱ्याने हा इतिहास अवश्य वाचावा. द्राक्षासवाचे गुण त्याच्या पाठात, संधानात आणि मात्रेत आहेत. त्या एका नावावर ते उभे नाही, आणि त्या नावाच्या अपयशाने ते पडतही नाही.

६. यकृताचा प्रश्न टाळू नये

कोविडच्या साथीत गुळवेल घरोघरी पोहोचली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत आढळलेल्या, गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अहवाल आला. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेल्याची शक्यता त्यात मांडली होती.

हा आक्षेप रास्त आहे, पण त्याने आपली जबाबदारी संपत नाही; उलट ती वाढते. क्रिस्पाचे खोड ठळक गाठींनी भरलेले असते. ताजी वेल हाती असता जाणकाराला भेद कळतो, चूर्ण झाल्यावर डोळ्यांना कळत नाही. शिवाय अहवालांतील काही रुग्णांत स्वयंप्रतिकारजन्य यकृतविकाराची चिन्हे होती. के. ई. एम.च्या अभ्यासातील रुग्णांची प्रतिकारक्षमता खालावलेली होती. साथीच्या काळात मात्र कोणत्याही परीक्षणावाचून, धडधाकट माणसानेही महिनोन्‌महिने तीच वनस्पती घेतली. चरकाचार्यांनी रसायन मानलेल्या पिप्पलीविषयीही विमानस्थानात अतिवापर टाळण्यास सांगितले आहे. रसायन म्हणजे कोणीही, कितीही, केव्हाही घ्यावयाचे द्रव्य नव्हे.

७. कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १५८-ब हा नियम २०१० साली आला. आयुर्वेदीय औषधाच्या परवान्यासाठी कोणता पुरावा द्यावा, हे तो ठरवितो. त्यात जलीय व जल-मद्यार्कीय घनसत्त्वे आणि अन्य विद्रावकांनी काढलेली घनसत्त्वे यांत भेद केलेला आहे. अन्य विद्रावक वापरल्यास विषाक्ततेचे अभ्यास सादर करावे लागतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. वनस्पतीच्या घनसत्त्वाचा शुद्ध व प्रमाणित अंश, ज्यात किमान चार घटक निश्चित केलेले आहेत, तो या वर्गात येतो. अशा औषधाचा मार्ग आयुर्वेदीय परवान्याचा नसून नव्या औषधाप्रमाणे चाचण्यांचा आहे. तसेच कर्करोगासारख्या व्याधींवर उपाय म्हणून जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाने बंदी आहे. बशीतील कर्कपेशी मेल्याचा निबंध हा या बंदीतून सुटण्याचा परवाना होत नाही.

८. आपण काय करावे

औषधनिर्मात्या सभासदांनी कच्चा माल घेताना किंवा पत्रक छापताना पुढील पाच प्रश्न स्वतःस विचारावेत, अशी आमची सूचना आहे :

(१) संशोधन ज्या जातीवर झाले, तीच जाती आपल्याकडे आहे काय? तिचा नमुना प्रत्येक बॅचसोबत राखून ठेवला आहे काय?
(२) प्रयोज्यांग तेच आहे काय?
(३) कल्पना व विद्रावक तोच आहे काय?
(४) निष्कर्ष पेशीवरचा, प्राण्यावरचा की रुग्णावरचा? मात्रा आपल्या मात्रेशी जुळते काय?
(५) कोणत्या रुग्णास हे औषध देऊ नये, हे पत्रकात लिहिले आहे काय?

यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास त्या संशोधनाचा हवाला देऊ नये.

चिकित्सक सभासदांनी दीर्घकाळ रसायन योजताना पूर्वीची कामला, स्वयंप्रतिकारजन्य व्याधी आणि चालू असलेली अन्य औषधे यांची विचारणा करून नोंद ठेवावी. अरुची, मूत्रपीतता किंवा नेत्रपीतता दिसताच औषध थांबवून यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात. संशयित दुष्परिणाम आयुषच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावा. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. असे कळविणे म्हणजे आयुर्वेदाची बदनामी होय, ही समजूत सोडून द्यावी. नोंद आपण केली नाही तर ती दुसरे करतील, आणि त्यांच्या नोंदीत प्रयोज्यांग, कल्पना व मात्रा हे रकानेच नसतील.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या शहरात आहे. द्रव्यगुण व रसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विषय हवे असतात, आणि आपल्या औषधालयांत प्रश्न पडून आहेत. नाशिकच्या बाजारात ‘गुळवेल’ म्हणून मिळणाऱ्या मालाची ओळख, निरनिराळ्या ऋतूंत संग्रहित गुळवेलीची तुलना, एकाच वेलीच्या स्वरस, क्वाथ व मद्यार्कीय घनसत्त्वाचा भेद, हे विषय अल्प खर्चात होण्यासारखे आहेत. के. ई. एम.च्या संशोधकांनी रुग्णाचा प्रश्न हाती घेतला, ग्रंथोक्त द्रव्य निवडले आणि मग पेशीपर्यंत गेले. तो क्रम राखून आपल्यापैकी एका औषधालयाने जरी येत्या वर्षात बाजारातील गुळवेलीचे नमुने गोळा करून तपासून घेतले, तरी त्याचा अहवाल या त्रैमासिकाच्या वाचकांना कोणत्याही रंगीत पत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.